इंजिन बंद, खटका खाली

उस्मानभाई गेल्याचं मला दोन दिवसांनी कळलं, तेही एका ट्रक ड्रायव्हरकडून. महाडच्या आमच्या दवाखान्यात तो बोटाला पट्टी बांधून घ्यायला आला होता. मी कापूस भिजवत होते आणि तो आपला बडबडत होता, की आता पोलादपूरला बॅटरी दाखवायची कुणाला, खटकेवाले चाचा तर गेले. मी विचारलं, "कुठे गेले?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "सिस्टर, गुजर गए. परवा. नमाज पढून भिंतीला टेकून बसले ते बसलेच." मी त्याची पट्टी पूर्ण बांधली, गाठ नीट मारली, पुढच्या माणसाला आत बोलावलं... दुपारी औषधांचं कपाट लावताना खालच्या फळीवर डिस्टिल्ड वॉटरची बाटली दिसली. तिच्यावर माझ्याच अक्षरात 'पोलादपूर' असं लिहिलं होतं. येत्या सोमवारी ती घेऊन मी त्यांच्याकडे जाणार होते. तेव्हा कुठे मी खाली बसले.

त्याला आता सहा-सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते जमणार नाही. एक तर मी थकले आहे. पायांनी थकले आहे, माणसांनी थकले आहे, आणि खरं सांगायचं तर स्वतःला सांभाळून घेण्याने सगळ्यात जास्त थकले आहे. दुसरं म्हणजे उस्मानभाईंच्या नावावर दहा वर्षं एक चूक लागून राहिली. त्या चुकीपायी त्यांची नोकरी गेली आणि गावोगाव त्यांची टिंगल झाली. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. हा लेख मी त्यासाठी लिहिते आहे, बाकीचं ओघानं येईल.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला महाडच्या एका संस्थेने फिरता दवाखाना काढला होता. एका जुन्या बसमधली बाकं काढून आत चक्क घर केलं होतं. दोन बर्थ, तपासणीचं टेबल, स्टोव्हसाठी पत्र्याचा ओटा, पाण्याची टाकी, औषधांची कपाटं. डॉक्टर, मी आणि ड्रायव्हर उस्मानभाई, अशी आम्ही तीन माणसं महिन्यातले पंधरा-वीस दिवस गावोगाव मुक्काम करायचो. मी आत बर्थवर झोपायची, डॉक्टर शाळेत किंवा कुणाच्या पडवीत, आणि उस्मानभाई पुढे आपल्या सीटवर पाय खिडकीबाहेर काढून. मी तेवीस वर्षांची होते, दासगावच्या आमच्या बौद्धवाडीतली नर्सिंग झालेली पहिली मुलगी. मुलगी गाडीत राहते, परक्या पुरुषांबरोबर गावं फिरते, यावर वाडीत काय काय बोललं गेलं असेल ते वेगळं लिहायला नको. वडील तर चिठ्ठी देऊन नोकरी सोडवायला निघाले होते. उस्मानभाईंना हे कळल्यावर ते गाडी घेऊन थेट आमच्या दारात आले, वडिलांना आत नेलं आणि दाराला स्वतः बसवलेली जाडजूड कडी दाखवली. "बाबा, कडी आतनं हाय. भायरनं माझ्याच्यानं पन उघडत नाय. वढून बघा." वडिलांनी खरंच बाहेर उभं राहून दार ओढून पाहिलं, दोन-तीनदा. मग म्हणाले, जा. माझी नोकरी त्या कडीवर टिकली.

या गाडीला बॅटऱ्या दोन. एक पुढे, इंजिन चालू करण्यासाठी. दुसरी मागे बर्थखाली, आतल्या दिव्यांसाठी आणि एका किरकिऱ्या पंख्यासाठी. उस्मानभाई पुढचीला 'गाडीची' म्हणायचे आणि मागचीला 'घरची'. दोघींना खायला घालायचं काम इंजिनाचं. सुरुवातीला इंजिनावर डायनॅमो होता, तो गाडी जोरात पळाली तरच काय ते देणार. आमची गाडी कधी पळायचीच नाही; खड्डे, चढ आणि पुन्हा खड्डे. त्यात मागे जाणारी वायर बारीक, म्हणजे निघालेलं सगळं वाटेतच आटायचं. त्यामुळे घरची कायम उपाशी, आणि दिवेलागणीनंतर तासाभरात आमचा दिवा पिवळा पडायचा. मी इंजेक्शनाच्या बाटलीवरचं नाव कंदिलापाशी नेऊन वाचायची. उस्मानभाईंना त्याची लाज वाटायची. दिवा मंद झाला की पाहुण्यांना ताटात कमी वाढल्यासारखा चेहरा करायचे.

एकदा सुट्टी घेऊन ते मुंबईला गेले आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारातून, एका मोडीत निघालेल्या ट्रकचा अल्टरनेटर गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. एसटीत तो मांडीवर ठेवला होता म्हणे. त्याला बसायला जागा करणं, पट्टा जुळवणं, यात त्यांचे आठ दिवस गेले. मागे न्यायला त्यांनी अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल मागितली. संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, दिवाच तर लावायचाय, एवढी जाड कशाला? उस्मानभाई म्हणाले, "सायब, पानी लांब न्यायचं तं नळ मोटा लागतो. बारीक वायरीनं घरची अर्धपोटीच ऱ्हानार." केबल मिळाली. आता गाडी सावकाश चालली तरी घरची भरायची. इंजिन उभ्या गाडीत चालू ठेवलं तरी थोडं थोडं पोटात पडायचं. त्या संध्याकाळी वरंधला आम्ही दिवा लावला आणि तो जेवणं होऊन गेली तरी पांढराच राहिला. डॉक्टर गमतीने म्हणाले, उस्मान, आता झोप येणार नाही रे. उस्मानभाई मात्र गाडीबाहेर उभे राहून खिडकीतून तो उजेड किती वेळ बघत होते. मला त्या वेळी हसू आलं होतं. एका दिव्याचं एवढं काय, असं वाटलं होतं.

तेव्हाच त्यांनी तो खटका बसवला. काळ्या लाकडी मुठीचा, तांब्याच्या दोन पात्यांचा, हाताच्या पंजाएवढा उघडा स्विच. बर्थच्या कडेला, माझ्या उशाशी. मूठ वर केली की पुढची आणि मागची बॅटरी जोडली जायची. खाली केली की दोघींचा संबंध तुटायचा. मला समजावायला त्यांनी दोन हंडे मांडले आणि मधे सलाईनची नळी लावली. "हे बगा सिस्टर. नळ चालू हाय तवर दोनी हंडे भरतील. नळ बंद झाला नि नळी तशीच ऱ्हायली, तं रिकामा हंडा भरलेल्याचं पानी वढून घेनार. रातभर घरची खात बसली नि खटका वर असला, तं ती गाडीचीला पन खाईल. सकाळी सेल्फ मारला का टक. बस, टक." म्हणून नियम एकच, इंजिन बंद, खटका खाली. गाडी थांबली की ते आधी मागे येऊन मूठ खाली करायचे, मग चपला घालून उतरायचे. चपलांच्या आधी खटका. सहा वर्षांत मी हे एकदाही उलट झालेलं पाहिलं नाही.

बॅटऱ्यांवरचा त्यांचा जीव हा आमच्या थट्टेचा विषय होता. अंतर ते मैलात सांगायचेच नाहीत. पोलादपूर ते महाड म्हणजे 'पाव पोट', वरंधचा फेरा म्हणजे 'अर्ध पोट'. "आज जरा वळसा घालून जाऊ, घरची उपाशी हाय," असं म्हणून ते आम्हाला कुठून कुठून फिरवून आणायचे आणि डॉक्टर पुढे बसून कपाळाला हात लावायचे. त्यांच्या एकूण एक सदऱ्यांना ॲसिडची भोकं होती. हलीमाभाभी, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणायची, "सिस्टर, ह्यांना नवा सदरा दिला का दुसऱ्या दिवशी चाळण." बॅटरीत घालायचं पाणी त्यांना नळाचं चालायचं नाही, विहिरीचं चालायचं नाही, दवाखान्याच्या भट्टीवर मी काढलेलं डिस्टिल्ड वॉटरच हवं. बाटली हातात घेऊन उजेडाला धरायचे, एखादा कण दिसला तर मुकाट्याने परत करायचे. माझ्या कामात एवढं बारकाईनं लक्ष ना त्याआधी कुणी घातलं, ना त्यानंतर.

आता तो श्रावण. आणीबाणी उठल्यानंतरचं वर्ष असावं. कुडपणला तेव्हा गाडी जात नव्हती. डोंगराखाली जिथे रस्ता संपायचा त्या माळावर आम्ही उभे होतो, आणि वरची माणसं उतरून आमच्याकडे यायची. ओढ्यावरची फरशी पाण्याखाली गेली आणि आम्ही तीन दिवस तिथेच अडकलो. डिझेल मोजकं, म्हणून इंजिन चालू करायची सोय नाही. घरची खात होती आणि तिला कुणी वाढत नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुऱ्हाडीने पोटरी उघडी पडलेला एक माणूस आणला. टाके घालायला घेतले आणि अर्ध्यावर दिवा पिवळा व्हायला लागला. उस्मानभाई फरशीवरचं पाणी किती उतरलं ते बघायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, उजेड वाढवा काहीतरी, मला शीर दिसत नाहीये." मला एवढंच आठवलं, की पुढची बॅटरी भरलेली आहे. मी उजव्या हाताने कातडी धरून ठेवली होती. डाव्या हाताने मागे चाचपून मूठ वर केली. दिवा लगेच पांढरा झाला. डॉक्टर "वा" म्हणाले, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं होतं.

टाके झाले. त्या माणसाला बर्थवर ठेवला. त्याच्या डोक्यावरचा लहान दिवा मी चालू ठेवला, कारण रक्त पुन्हा सुटतंय का ते पाहायचं होतं, आणि त्याच्या पायाशी बसल्या बसल्या मला झोप लागली. उस्मानभाई आले ते पुढच्या दाराने. मागे जखमी माणूस आणि मी असल्यामुळे त्यांनी आत डोकावलं नाही. खटका त्यांनी तीन दिवसांपूर्वीच खाली केला होता आणि त्यानंतर इंजिन चालूच झालं नव्हतं. पुन्हा बघायचं त्यांना काय कारण?

सकाळी ऊन पडलं. फरशी मोकळी झाली. आठच्या सुमाराला वरून चार माणसं डोली घेऊन उतरली. बांबूला घोंगडी बांधलेली, आत पारू नावाची पहिलटकरीण, पहाटेपासून अडलेली. पोराचा हात आधी बाहेर आला होता. दोन-अडीच तास ती माणसं निसरडी वाट उतरत होती, आणि गाडी दिसल्यावर त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी विसरू शकत नाही. पोचलो एकदाचे, असं. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "इथे होणार नाही. महाड, आत्ताच्या आत्ता." पारूला टेबलावर घेतलं, तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. उस्मानभाईंनी सेल्फ मारला.

टक.

पुन्हा मारला. टक... ते उतरून मागे आले. त्यांनी वर असलेली मूठ पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मूठ खाली केली आणि बाहेर जाऊन ओरडले, "धक्का मारा रे!" पण माळ सपाट आणि तीन दिवसांच्या पावसाने लोण्यासारखा झालेला. दहा-बारा माणसं लागली, चाकं जागच्या जागी रुतली. मग जवळच्या वाडीतून दोन बैलजोड्या आणल्या, आमच्याच गाडीचा दोर त्यांना बांधला, चाकांखाली पेंढा आणि फांद्या टाकल्या, आणि ती बस इंचाइंचाने रस्त्याच्या उतारापर्यंत ओढून नेली. दीड तास गेला त्यात. आत पारू आधी ओरडत होती, नंतर ओरडेनाशी झाली. तिची सासू खिडकीतून उस्मानभाईंना शिव्याशाप देत होती, "मुडद्या, गाडी चालवता येत नाय तं आलास कशाला रे!" उस्मानभाई चिखलात खाली मान घालून दोर बांधत होते. मी पारूचा हात धरला होता. मी काहीच बोलले नाही.

उतारावर इंजिन लागलं. महाडला पारू वाचली. पोर वाचलं नाही. मुलगा होता. ज्या डॉक्टरांनी तिला मोकळं केलं ते हात धुता धुता आपल्याशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, तासभर आधी आली असती तर... आणि नळ बंद करून निघून गेले. ते कुणाला दोष देत नव्हते. पण ते वाक्य मला गेली दहा वर्षं पुरलं आहे.

संस्थेने चौकशी लावली. मी आणि उस्मानभाई ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी सांगणार होते. निदान सांगणार आहे असं स्वतःला बजावत होते. उस्मानभाई म्हणाले, "सिस्टर, आत मी बोलनार. तुमी नाय."

"पण उस्मानभाई, खटका मी वर केला होता."

"खटका डायवरचा. गाडीतली हरेक चीज डायवरची." मग टोपी गुडघ्यावर नीट करत म्हणाले, "तुमची नोकरी अशी ग्येली, तं तुमच्या वाडीतनं दुसऱ्या पोरीला नर्सिंगला कोन धाडील? आनि माझं काय... मला बॅटऱ्यांचं काम येतंय."

मला सुटल्यासारखं वाटलं. दुःख, लाज, उपकार, हे सगळं नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. आत गेल्यावर उस्मानभाईंनी सांगितलं की खटका आपल्याकडून वर राहिला, आणि सेक्रेटरींनी मला विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?" मी म्हटलं, "नाही." एवढाच शब्द. आमच्या वाडीतल्या चार मुली पुढे खरंच नर्सिंगला गेल्या. त्यातली एक माझी पुतणी. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही... किंवा सांगतही असेन. मला आता ते वेगळं करता येत नाही.

उस्मानभाईंना कमी केलं. मुलाबाळांना घेऊन ते पोलादपूरला गेले आणि हमरस्त्यालगत, काशेडी घाट चढायच्या आधी ट्रक थांबतात तिथे बॅटरी चार्जिंगची टपरी टाकली. मागे दोन खोल्यांचं घर, मधे एक दार. धंदा बरा चालला. पण गोष्ट त्यांच्या आधी पोलादपूरला पोचली होती. 'खटकेवाले' हे नाव पडलं ते कायमचं. एसटीतून उतरले की कंडक्टर विचारणार, "काय खटकेवाले, खटका खाली केला ना?" चहाच्या हॉटेलात तेच, लग्नात तेच. पुढे पुढे तर कारण माहीत नसलेली माणसंही त्या नावाने हाक मारायला लागली. एकदा मी त्यांच्या टपरीत बसले होते आणि एका क्लीनरने तीच थट्टा केली. सगळे हसले. मी पण हसले. उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हायड्रोमीटरची काचनळी सेलमध्ये बुडवून बॅटरी किती भरली ते सांगणारा आतला तरंगता काटा किती वर येतो ते बघत राहिले.

मी दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी त्यांच्याकडे जात होते, डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन. त्याची त्यांना काही गरज नव्हती, बाजारात मिळायला लागलं होतं. पण मी न्यायची आणि ते बाटली उजेडाला धरून म्हणायचे, "साफ हाय." मला त्या दोन शब्दांसाठी जायचं असायचं. दोन-तीनदा मी विषय काढला. म्हटलं, आता मी सांगून टाकते सगळ्यांना. त्यांनी लगेच दुसरंच काढलं, पुतणी कितवीत आहे, बाबांचा दमा कसा आहे. तिसऱ्या वेळी मात्र नजर वर न करता म्हणाले, "सांगून तुमाला हलकं वाटंल. मग मी येवडी वर्सं वझं कशापायी उचललं?" त्यानंतर मी विषय काढला नाही.

आणखी एक सांगायचं आहे. त्यानंतर चार-पाच वर्षांनी पोलादपूरच्या एका शिबिरात पारू भेटली. कडेवर मुलगी, हाताला मुलगा. मला ओळखून म्हणाली, "बाय, तो डायवर कुटं असतो गो आता? सासूनं लय वंगाळ बोलून घेतलं त्याला. त्याला सांग, माजा राग नाय." मी त्याच दुपारी टपरीत जाऊन निरोप दिला. माझ्यासाठी आलेली माफी मी त्यांना नेऊन दिली, एखाद्याचं पत्र दुसऱ्याच्या दारात टाकावं तशी. उस्मानभाईंनी काम थांबवलं. हात फडक्याला पुसले. म्हणाले, "ज्याचा निरोप, त्याला पोचला का?" मी मान हलवली. "मग झालं," म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

फिरता दवाखाना पुढे बंद पडला. गाडी भंगारात काढली तेव्हा उस्मानभाई महाडला आले, स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत शिरले आणि फक्त तो खटका काढून घेऊन गेले. टपरीतल्या दिव्याला त्यांनी तो लावला, साध्या बटणाने भागलं असतं तिथे. मला वाटायचं, हा माणूस रोज हे डोळ्यांसमोर कशाला ठेवतो? विचारायचा धीर झाला नाही.

चाळिसाव्याला मी गेले. हातात बाटली होती; ती का घेतली ते मला सांगता येणार नाही. मुलगा रफिक, तो आता टपरी सांभाळतो, पाहुण्यांना पोचवायला स्टँडवर गेला होता. टपरीची फळकुटं लावलेली होती. आतल्या खोलीत हलीमाभाभी एकटीच बसली होती, इद्दतीतली, म्हणजे नवऱ्यामागे घराबाहेर न पडण्याच्या दिवसांतली, पांढऱ्या ओढणीत. चहा झाला. बाहेर दिवेलागण झाली होती. आणि मी सांगितलं. सगळं, पोटरीच्या टाक्यांपासून त्या बाकापर्यंत. मला वाटलं होतं तिला ठाऊक असेल. नवरा-बायकोत एवढं तरी बोलणं झालं असेल, असं मी धरून चालले होते.

तिला ठाऊक नव्हतं.

तिने चटईच्या दोन-चार काड्या मोडल्या. मग म्हणाली, "धा वर्सं, सिस्टर... धा वर्सं मी रोज सांजेला ह्या दारातनं इचारत व्हते त्यांना. खटका खाली केला काय? का परत कुनाचं पोर मारताव?" तिचा आवाज चढला नाही. "गमतीनं नाय. रागानं. महाडचं घर सुटलं, माजी मानसं सुटली, तो राग. आनि ते रोज म्हनायचे, केला गो. बस. केला गो."

मला रडू येईना. मी काही तरी म्हणणार होते, माफीचं काही तरी, पण तिने हात वर केला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आजतागायत म्हटलेलं नाही, आणि मीही ते मागायला जाणार नाही. ती भिंतीला धरून उठली आणि मधल्या दारापाशी जाऊन उंबऱ्यावर थांबली. टपरीत दिवा चालू होता. चार्जिंगचा ओटा, रांगेने मांडलेल्या ट्रकच्या बॅटऱ्या, खिळ्याला लटकवलेला भोकांचा सदरा. फळीवर माझ्या गेल्या वर्षभरातल्या दहा-बारा बाटल्या रांगेत उभ्या होत्या, सीलबंद. त्यांनी त्या वापरल्याच नव्हत्या.

"मी तिकडं येनार नाय अजून," हलीमाभाभी म्हणाली. "रफिकला यायला येळ हाय. आज खटका तुमी खाली करा."

मी आत गेले. हातातली बाटली त्या बाटल्यांच्या शेजारी ठेवली. लाकडी मूठ वर्षानुवर्षं हात लागून गुळगुळीत झाली होती, आणि माझ्या हाताला ती आठवत होती. मी खाली केली. दिवा गेला. अंधारात मागून तिचा आवाज आला, रोजच्यासारखाच असणार तो, "केला काय?"

"केला गो," मी म्हटलं.